न वाचताच ‘वाचन झालं’ लिहिणाऱ्या ताईंना

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३६, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, पाळ्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. मुलगा चौथीत. सासूबाई सोबत राहतात. त्यांचा दिवस पहाटे साडेचारला बायबल आणि गीतांच्या पुस्तकानं सुरू होतो, वर्षानुवर्षं त्यात खंड नाही. ताई स्वतः मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना संडे स्कूल शिकवतात. जानेवारीत मंडळीतल्या बायकांनी ‘एका वर्षात संपूर्ण बायबल’ असा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. रोजचे अध्याय वाचले की ‘वाचन झालं’ लिहायचं आणि हात जोडल्याचं चित्र टाकायचं. ताई ‘लेवीय’ या बायबलातल्या नियमांच्या पुस्तकात अडकल्या, मागे पडत गेल्या आणि मार्चपासून न वाचताच ‘वाचन झालं’ लिहू लागल्या. ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात काढले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘घरात वचन नाही, मग असंच व्हायचं.’’ वचन म्हणजे बायबलचं वाचन. मुलगा बरा झाला, ते वाक्य मात्र मनातून जात नाही. ताई विचारतात, ‘‘मी ढोंगी आहे का? संडे स्कूल सोडू का? विश्वास वाढायच्या ऐवजी आटत चाललाय. सगळ्यांना जमतं ते मलाच का जमत नाही?’’

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात सात ठिकाणी ‘माफ करा’ आहे. मी मोजलं. त्यातल्या दोन माफ्या तर पत्र लांबल्याबद्दल माझ्याकडेच मागितल्यात. पत्र लांबलेलं नाही, तेव्हा त्या दोन तुम्हाला परत करते. उरलेल्या पाचांचं बघू.

डेंग्यूपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्या एका वाक्याखाली दबून बसलंय असं मला वाटतं. डेंग्यू डासानं होतो. एडिस जातीचा हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, म्हणून घरोघरी पिंपं आणि बादल्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा. पहाटे स्तोत्रं म्हटली जाणाऱ्या घरातलं पिंप डासाला वेगळं ओळखू येत नाही. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षातच आलेली दिसत नाही. तुमच्या घरात रोज पहाटे वाचन चालूच होतं की! सासूबाईंचं एक दिवसही चुकलं नव्हतं. मग ‘घरात वचन नाही’ हे कुठून आलं?

आपल्या चुकीची शिक्षा म्हणून लेकराला आजार, हा हिशेब शिष्यांनीही येशूपुढे मांडला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, नवव्या अध्यायात ते जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट निघते, तिथेही तो विचारतो, बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा ते अठरा जण जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो असं आहे. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा वस्तीत शिरली तेव्हा कोणाच्या घरात रोज काय वाचतात याची चौकशी तिनं केली नव्हती.

सासूबाईंवर मात्र राग धरू नका. नातवाला सलाईन लावलेलं, प्लेटलेटचा आकडा रोज खाली. म्हातारं माणूस अशा वेळी घाबरतं, आणि घाबरलेल्याला कारण हातात हवं असतं. कारण सापडलं की निदान काहीतरी करता येईल असं वाटतं. त्या वाक्यात मला तुमच्यावरच्या आरोपापेक्षा त्यांची भीती जास्त ऐकू येते. त्यांना तेव्हाच उत्तर दिलं नाहीत हे बरं केलंत. पण स्वतःला ते वाक्य खरं म्हणून सांगत राहू नका. त्याचा अर्थ असा होतो की बायबल म्हणजे ताईत, रोज बांधला तर पोर सुखरूप, एक दिवस सुटला तर गेलं. अशा धाकानं उघडलेल्या पुस्तकात माणूस काय वाचणार? पिंप मात्र आठवड्यातून एकदा रिकामं करून घासा आणि कोरडं ठेवा. हासुद्धा सल्लाच आहे.

आता ‘वाचन झालं’कडे वळू.

ढोंगी आहात का? खोटं लिहिलंत, हे खरं आहे. त्याला गोड नाव देऊन मी तुमची समजूत काढणार नाही, आणि तशी समजूत तुम्हाला पटणारही नाही. पण ते खोटं कसं जन्माला आलं तेही बघा. त्या ग्रुपवर ‘आज जमलं नाही’ लिहायला जागाच नव्हती. एकीनं पहाटे पाचला हात जोडले की दुसरीनं सव्वापाचला, आणि साडेदहापर्यंत गप्प राहणारीचं गप्प राहणं सगळ्यांना दिसतं. मला तर दाट शंका आहे की त्या जोडलेल्या हातांमध्ये आणखी दोन-चार जणी तुमच्यासारख्याच आहेत. असे ग्रुप काढणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरी मला ते फारसे आवडत नाहीत. शाळेतल्या हजेरीपटाची सवय आपण देवघरापर्यंत नेतो. (ख्रिस्ती घराला देवघर कुठलं, असं कोणी विचारेल. माझी आजी बायबल ठेवलेल्या कोनाड्याला देवघरच म्हणायची.)

वर्षभराच्या वाचनाचा सगळ्यांत प्रसिद्ध तक्ता ज्यानं केला त्या माणसाचं ऐका. रॉबर्ट मरे मॅकशेन हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले तरुण पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. १८४२ च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी रोज साधारण चार अध्यायांचा तक्ता बनवला. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आजही जगभर लोक तो तक्ता वापरतात. गंमत अशी की तक्त्यासोबत त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता उपचार होऊन बसेल. वाचणाऱ्याला आपण फार धार्मिक आहोत असं वाटू लागेल. घाईत, लक्ष न देता वाचलं जाईल. आणि काहींना हे जू पेलवणार नाही. म्हणजे तुमच्या आजच्या अवस्थेची नोंद तक्ता काढणाऱ्यानंच करून ठेवली होती. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ते वारले. वय फक्त २९. आपण तक्ता ठेवला आणि धोक्यांचा कागद हरवला.

मग करायचं काय? गुपचूप ग्रुप सोडला तर खोटं थांबेल, पण मनातली सल राहील. सगळ्या ग्रुपवर जाहीर कबुली द्यावी, असं कोणी सांगेल. त्यात धैर्य आहे, नाकारत नाही. पण आपल्या गावात बातमी रंकाळ्याला एक फेरी मारून येईपर्यंत तिची दुसरीच गोष्ट झालेली असते, आणि त्या गोष्टीला तोंड द्यायची ताकद आत्ता तुमच्यात असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी मधली वाट सुचवते. आजपासून न वाचता लिहिणं बंद. एक दिवसही नाही. आणि ग्रुप चालवणाऱ्या बाईंना प्रत्यक्ष भेटून, रविवारी उपासनेनंतर किंवा त्यांच्या घरी जाऊन, एवढंच सांगा: ‘‘मार्चपासून मी न वाचताच लिहीत होते. चुकलं. एवढे अध्याय मला झेपत नाहीत. मी थोडं थोडं वाचणार आहे आणि जमेल त्याच दिवशी लिहीन.’’ त्या शहाण्या असतील तर ग्रुपची रीतच बदलतील. नसतील तर तुमचं काम तुम्ही केलंत.

आता मूळ प्रश्न. विश्वास वाढतोय की आटतोय, हे तुम्ही कशानं मोजता? पत्रभर अध्यायांचे आकडे आहेत. प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय. वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे रोज सव्वातीन. या चालीनं पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४०, संपतात तेव्हा जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडलेला असतो, आणि समोर येतं लेवीय: होमबली, अन्नबली, कुष्ठाची चिन्हं, भिंतींवरचे चट्टे. दरवर्षी हजारो भले लोक इथेच बसकण मारतात. तुम्ही त्यातल्या एक. यात विश्वासाचा प्रश्न कमी आहे. तहानलेल्या माणसाला कायद्याचं पुस्तक हातात दिलं तर तो असाच बसणार.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती तांदूळ निवडायला बसायची आणि आम्हा नातवंडांपैकी कोणीतरी एक वाचायचं. आम्हाला संपवून खेळायला पळायची घाई. ती सुपातून मान वर न करता म्हणायची, ‘‘थांब. परत वाच.’’ एकदा दानपात्रात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट होती. चार ओळींची. आजीनं ती तीनदा वाचून घेतली आणि विचारलं, ‘‘मग रातच्याला तिनं काय खाल्लं?’’ मी म्हणाले, ते पुस्तकात नाही. ती म्हणाली, ‘‘नसंना. पर मला लागलं की ते.’’ आणि त्या रात्री आमच्या मागल्या गल्लीतल्या एका एकट्या म्हातारीकडे आमच्या घरून भाकरी गेली. नंतर ती रोजच जाऊ लागली. मला पुढे बायबल परीक्षेत बक्षिसं मिळाली, कुठल्या राजानंतर कुठला राजा ते तोंडपाठ होतं. पण वचन वाचणं म्हणजे काय, हे मला त्या निरक्षर बाईनं दाखवलं.

ख्रिस्ती इतिहासात बहुतेक श्रद्धावंतांच्या घरी स्वतःचं बायबल कधी नव्हतंच. मराठीत छापील नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आणला तो १८११ साली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ मध्ये. पण पुस्तक आलं म्हणून वाचणारे तयार झाले असं नाही. वाचणारा एक, ऐकणारे घरभर. माझ्या आजीच्या काळापर्यंत हे असंच चाललं. या लोकांचा विश्वास वाढला नाही असं कोण म्हणेल?

आपल्या नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांना तिथून हलता येईना. पाच, सहा, सात: तीनच अध्याय. तुमच्या ग्रुपच्या हिशेबानं एका दिवसाचा मजकूर, सकाळी पाचला संपवून हात जोडायचे. टिळकांना त्यातून बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचायला जवळपास दोन वर्षं लागली. १८९५ च्या फेब्रुवारीत तो झाला.

म्हणून मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी मला आवडतो. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला ठाऊक नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. तो झोपतो, हे येशूनं मुद्दाम सांगितलंय. आपल्याकडचा आडसाली ऊस घ्या. जुलै-ऑगस्टात लावला तर तोडीला दीड वर्ष. पाणी द्यायचं, भांगलण करायची. पण पेर किती वाढलं म्हणून कोणी रोज रात्री कंदील घेऊन सरीत उतरत नाही. तुम्ही मात्र रोज रात्री उतरता.

आणि वाढ झालेली नाही हे तरी कशावरून? तुम्हीच लिहिलंय, दवाखान्यात दुसऱ्या रात्री ताप उतरत नव्हता तेव्हा तुम्ही मुलाच्या कपाळावर हात ठेवून तेविसावं स्तोत्र म्हणत होतात, पुस्तकाशिवाय, आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई, जी आपल्या धर्माची नव्हती, तिनं सांगितलं, ‘‘जरा मोठ्यानं म्हणा, माझं पण ऐकतंय.’’ हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, आणि न वाचलेल्या अध्यायांवर दीड पान खर्च केलंत!

पण ताई, एका ठिकाणी तुमची बाजू मी घेणार नाही. ‘वेळच मिळत नाही’ असं तुम्ही लिहिता, आणि त्याच पानावर लिहिता की रात्री अकरा ते पावणेबारा मोबाईल बघत पडून राहता कारण डोकं चालत नाही. तो वेळ बायबलला द्या असं मी म्हणत नाही. डोकं चालत नसताना तो कोणालाच देऊ नये, झोपा. एलिया संदेष्टा थकून झुडपाखाली ‘आता मरण येऊ दे’ म्हणत पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. अकराला फोन बंद केलात तर सकाळचा अर्धा तास आपोआप निघेल. तेवढा नकोच आहे, दहा मिनिटं पुरे.

कुठली दहा मिनिटं? पहाटे साडेचार ही सासूबाईंची वेळ. त्यांना दुपारी दोन तास आडवं होता येतं, तुम्हाला येत नाही. येशू पहाटे उठून एकांती जाई, हे मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे. पण दानिएल दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकत असे आणि स्तोत्रकर्ता अंथरुणावर रात्रीच्या प्रहरी मनन करतो. शास्त्रात घड्याळ एकच नाही. तुमच्या दिवसात मला एक जागा दिसते. तुम्ही लिहिलंय की केएमटीच्या बसनं ऑफिसला जाता आणि पंचवीस मिनिटं बहुधा बसायला जागा मिळते. ती घ्या. नवऱ्याची पाळी बदलली तरी बस बदलत नाही.

वाचायचं मार्कचं शुभवर्तमान. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यांत लहान, आणि त्यातला येशू सतत चालता-फिरता. एका दिवशी एकच प्रसंग, पाच-दहा-पंधरा ओळी. एकदा सरळ वाचा. मग आजीचं ‘थांब, परत वाच.’ दुसऱ्यांदा वाचताना कुठे अडखळलात तिथेच थांबा. जे लागलं, खुपलं किंवा कळलं नाही, ते एका ओळीत वहीत लिहा. ‘‘आज काहीच वाटलं नाही’’ हेसुद्धा लिहिता येतं, कारण ते खरं असतं. मग तीच ओळ डोळे मिटून देवाला सांगा. बसमध्ये हात जोडायची गरज नाही. बास. असे सगळे प्रसंग व्हायला तीन-चार महिने लागतील. लागू देत.

भाषा अडत असेल तर भाषांतर बदला. ‘जुनंच खरं बायबल’ असं म्हणणारी मंडळी आपल्यात आहेत. मलाही त्या जुन्या मराठीचा नाद सुटत नाही. पण पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून संपूर्ण बायबल मराठीत का आणलं? साध्या, कमी शिकलेल्या बायकांना ते कळावं म्हणून. १९२२ मध्ये वारल्या, तोवर हेच काम चालू होतं. तेव्हा सोप्या मराठीतलं बायबल घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

दिवस चुकला तर चुकला. मागचं भरून काढायचं नाही, ही माझी एकमेव सक्तीची सूचना. रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, मान्ना, रोज सकाळी गोळा करायचा असे. उद्यासाठी म्हणून साठवला तर त्यात किडे पडत. ज्यानं पुष्कळ गोळा केला त्याचा जास्त झाला नाही, ज्यानं थोडा केला त्याला कमी पडला नाही. निर्गमचा सोळावा अध्याय तुम्ही जानेवारीत वाचला असणारच. थकबाकी नावाची गोष्ट तुम्ही ऑफिसात दिवसभर सांभाळता, ती इथे आणू नका.

विश्वास आटल्यासारखा वाटतो त्या दिवसांसाठी तेरावं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बघा. तेराव्याची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. असं स्तोत्र ज्यांनी पवित्र शास्त्रात राहू दिलं त्यांना तुमच्यासारख्या रात्री माहीत होत्या. पण झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते अविश्वासाचं लक्षण नव्हे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

संडे स्कूल सोडू नका, एवढ्यात तरी. सुपरिटेंडंटना सांगून महिनाभर सुट्टी घ्यायची तर घ्या. पण मुलांपुढे उभं राहायला सगळं वाचलेलं असावं लागतं, हा तुमचा समज मला मान्य नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायातला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. येशूचा अनुयायी फिलिप्प यानं विचारलं, वाचता ते समजतं का? तो म्हणाला, कोणी दाखवल्याशिवाय कसं समजणार? मोठ्या हुद्द्याचा माणूस, पण ‘मला कळत नाही’ म्हणायला लाजला नाही. तुमच्या चौथी-पाचवीतल्या पोरांना असं म्हणणारी शिक्षिका मिळाली तर त्यांचं भाग्य. बसमध्ये जो प्रसंग अडला तोच रविवारी त्यांच्यापुढे ठेवा. पोरं असले प्रश्न काढतात की पाळकांनाही घाम फुटावा.

आता पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय, तरी भिंग घेऊन वाचतात.’ रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांना एक स्तोत्र वाचून दाखवाल का? एकच, छोटं. मुलालाही जवळ बसवा, त्याला चार ओळी वाचू द्या. हे जमेलच असं मी सांगत नाही. त्या दर ओळीला थांबवून प्रवचन देऊ लागल्या तर तुम्हीच मला शिव्या घालाल. पण त्यांना कोणीतरी वाचून दाखवण्याची गरज आहे आणि तुम्हाला कोणासोबत तरी वाचण्याची, असं मला पत्रावरून दिसतं. डेंग्यूच्या वेळच्या त्या वाक्याबद्दलही मग कधीतरी बोलता येईल. स्वयंपाकघरात उभ्यानं ते बोलणं नीट होणार नाही.

तुमच्यासारखी पत्रं इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी थोडं. रात्रपाळी करणाऱ्यांनी ‘सकाळ’ म्हणजे स्वतः झोपून उठण्याची वेळ समजावी, मग ती दुपारी दोनला का असेना. वाचण्याचा कंटाळा असलेल्यांनी किंवा दृष्टी अधू असलेल्यांनी मराठी बायबल ऐकावं. मोबाईलवर फुकट मिळतं, आणि ऐकणं हीच जुनी रीत आहे. कॅथलिक वाचकांना रोजच्या मिस्साची वाचनं ठरलेलीच असतात. त्यातलं फक्त शुभवर्तमान धरलं तरी पुष्कळ. घरात एकटेच विश्वासणारे असाल तर आठवड्यातून एकदा मंडळीतल्या एका माणसासोबत फोनवर दहा ओळी वाचा. पाच जणांचा ग्रुप नको, एकच माणूस.

आणि लेवीयाला कायमचा रामराम करू नका. कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, नुसता एकोणिसावा अध्याय उघडा. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असं तिथे आहे. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वाक्यही येशूनं तिथूनच उचललंय. तुम्ही बसलात त्यापासून फार लांब नव्हतं ते.

पण आधी मार्क. मधले चुकलेले दिवस धरले तरी महिनाभरात तुम्ही पाचव्या अध्यायाच्या उत्तरार्धात पोहोचाल. तिथे एक बाप आपल्या बारा वर्षांच्या आजारी मुलीसाठी येशूच्या पाया पडतो, आणि वाटेतच एक बाई गर्दीत मागून येऊन चोरून त्याच्या वस्त्राला शिवते. पकडली जाते तेव्हा ती काय करते ते बघा. तो प्रसंग एका दिवसात उरकू नका, चार दिवस घ्या. आणि वहीत जी ओळ लिहाल, ती मला कळवा.